साथीच्या काळात पुनर्वसन विभाग कसा चालू ठेवावा : खानदेशातील केंद्रांसाठी

साथ जाहीर झाली की जिल्हा रुग्णालयात भौतिकोपचाराची (फिजिओथेरपीची) ओपीडी बहुधा सर्वांत आधी बंद होते, खोली विलगीकरणाला दिली जाते आणि कर्मचारी नोंदणीच्या टेबलावर बसवले जातात. मार्च २०२० नंतर अनेक ठिकाणी हे घडले. ओपीडी बंद करावी लागली तरी उपचार थांबू नयेत, यासाठीचे बहुतेक काम पहिल्या दोन दिवसांतच करावे लागते.

त्यातले पहिले काम म्हणजे चालू रुग्णांची रजिस्टरवरून छाननी. कोणाची प्रकृती अधिक गंभीर आहे, एवढेच न पाहता महिनाभर खंड पडल्यास कोणाचे नुकसान पुढे भरून निघणार नाही, हे प्रत्येक नावापुढे लिहावे. गुडघेदुखीचा किंवा खांदा आखडलेला रुग्ण फोनवरच्या सूचनांवर थांबू शकतो. नुकताच अर्धांगवायू झालेला, मणक्याच्या दुखापतीने अंथरुणाला खिळलेला किंवा हाताच्या शिरा जोडलेला रुग्ण थांबू शकत नाही. जन्मतः पाऊल वाकडे असलेल्या बाळाचे प्लास्टर साधारण दर आठवड्याला बदलायचे असते. ते शक्य नसेल तर तेच प्लास्टर पायावर आठवडेच्या आठवडे ठेवण्यापेक्षा घरी कोमट पाण्यात भिजवून कसे काढायचे, हे आईवडिलांना आधीच दाखवून ठेवावे. पाऊल पुन्हा वाकू नये म्हणून आडव्या पट्टीने जोडलेले बूट मिळालेल्या बाळांचे (पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास, नंतर चार वर्षांचे होईपर्यंत झोपेत) फोनवर निभावते. स्नायूंच्या ताठरपणासाठी बॅक्लोफेन किंवा फिट्सच्या गोळ्या घेणाऱ्यांची वेगळी यादी करून साठा त्यांच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पोहोचवावा, कारण ही औषधे एकाएकी बंद झाल्यास झटके येण्याचा धोका असतो.

छाननीची प्रत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला द्यावी. जिल्ह्यातील दिव्यांगांची नोंद ठेवणे आणि त्यांना धोक्याची माहिती देणे हे २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ८ने या प्राधिकरणावर सोपवलेले काम आहे. प्रवासाची परवानगी किंवा वाहन मागताना त्या कलमाचा उल्लेख अवश्य करावा.

नंदुरबारमध्ये निव्वळ फोनवर विसंबता येत नाही. धडगाव-अक्कलकुव्याच्या कित्येक पाड्यांवर रेंज नसते, आणि दिवाळीनंतर बरीच कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत गेलेली असतात. म्हणून पत्त्याबरोबरच स्थलांतराचे ठिकाण, मुकादमाचा फोन आणि आठवडे बाजाराचे गाव लिहून ठेवावे. बाजाराच्या दिवशी निरोप हमखास पोहोचतो. व्यायामाची ध्वनिफीत पुस्तकी मराठीत न करता अहिराणी, भिली आणि पावरीत करावी, आणि ती आशाताईंच्या मोबाइलवर द्यावी.

साथ कोणती, यावर वॉर्डातले काम ठरते. जानेवारी २०२५मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गुलेन बारी सिंड्रोमचे (नसांवर परिणाम होऊन हातपाय कमजोर पडण्याच्या आजाराचे) रुग्ण एकाएकी वाढले आणि दूषित पाण्यावर संशय गेला. पाणीटंचाईत टँकरवर जगणाऱ्या आपल्या तालुक्यांनी त्याची दखल घ्यायला हवी. या आजारात पायांपासून वर चढणारी कमजोरी बहुधा चार आठवड्यांच्या आत कळस गाठते, आणि काही रुग्णांना व्हेंटिलेटर लागतो. कमजोरी वाढत असेपर्यंत जोर लावणारा व्यायाम देऊ नये. दर दोन तासांनी कूस बदलणे, पाऊल घोट्यात काटकोनात ठेवणे, सांधे हलक्या हाताने फिरवणे एवढेच करावे. एका श्वासात रुग्ण कितीपर्यंत मोजतो, हे प्रत्येक पाळीत नोंदवावे आणि आकडा घसरू लागताच डॉक्टरांना कळवावे. पंधरा वर्षांखालील मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला तर पोलिओ सर्वेक्षणासाठी तात्काळ कळवणे बंधनकारक आहे. लुळेपणा सुरू झाल्यापासून १४ दिवसांच्या आत, २४ तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घ्यावे लागतात. भारत २०१४मध्ये पोलिओमुक्त घोषित झाला असला तरी हा नियम कायम आहे.

साथ श्वसनाची असेल तर मेणाची कढई (सांध्यांना शेक देण्यासाठीचे गरम मेण) बंद ठेवावी, कारण एकाच कढईत अनेकांचे हात बुडतात. जळगावच्या मे महिन्यात संरक्षक पोशाख घालून काम करायचे झाल्यास पाळ्या पहाटे आणि लहान ठेवाव्यात.

लाट ओसरली की ओपीडीत खरी गर्दी होते, आणि नियोजनात नेमका हाच टप्पा विसरला जातो. फुप्फुसाच्या आजारातून उठलेल्या रुग्णाला खुर्चीवरून एक मिनिट उठबस करायला लावून आधी आणि नंतर ऑक्सिजन मोजावा. तो चार टक्क्यांनी किंवा अधिक उतरला तर व्यायाम न वाढवता डॉक्टरांकडे पाठवावे. दुसऱ्या दिवशी थकवा दुणावत असेल तर व्यायामाची मात्रा कमी करावी. रावेर-यावलच्या केळीबागांत घड वाहणाऱ्या मजुराला ‘हळूहळू कामाला लागा’ हा सल्ला पुरत नाही. पहिल्या आठवड्यात फक्त चालणे, मग पाने कापण्यासारखी हलकी कामे, त्यानंतर भाऱ्याची चाचणी आणि सर्वांत शेवटी घड, अशा पायऱ्या तारखांसह त्याच्या केसपेपरवर लिहून द्याव्यात, म्हणजे बागायतदारालाही तो कागद दाखवता येतो.