शिरोली, गोकुळ शिरगावात अर्ज करताना: रिझ्युमेत काय ठेवायचं, काय काढायचं

कोल्हापूरच्या मध्यम कारखान्यांत रिझ्युमे पुष्कळदा थेट प्रॉडक्शन मॅनेजरच्या किंवा क्वालिटी हेडच्या टेबलावर जातो. शिवाजी उद्यमनगरातल्या छोट्या शॉपमध्ये तर मालक स्वतःच व्हॉट्सअ‍ॅपवर उघडून बघतात. शिरोली असो, गोकुळ शिरगाव असो की कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसी, वाचणाऱ्याच्या डोक्यात प्रश्न एकच असतो: हा उमेदवार आला तर कुठल्या मशीनवर उभा करता येईल, कुठलं काम सोपवता येईल? या प्रश्नाला उपयोगी पडणारी ओळ ठेवा, बाकीची काढा. आणि ठेवलेल्या ओळीवर लागोपाठ तीन प्रश्न आले तरी उत्तर देता आलं पाहिजे. तसं येत नसेल तर ती ओळही काढा.

सुरुवात नावापासून. दहावीच्या मार्कशीटवर नाव जसं आहे तसंच लिहा, स्पेलिंगसकट. मार्कशीटवर एक, आधारवर दुसरं आणि पॅनवर तिसरं असलं की नोकरी लागल्यावर पीएफची केवायसी अडकते, म्हणून फरक असेल तर आत्ताच दुरुस्तीला लागा. मोबाइल नंबर स्वतःचा द्या. ईमेल असा द्या की ज्याचा पासवर्ड तुमच्याकडे आहे; फॉर्म भरताना सायबर कॅफेवाल्यानं उघडून दिलेला आणि पुन्हा कधीच न पाहिलेला ईमेल टाकला तर मुलाखतीचं बोलावणं तिथंच पडून राहतं. पूर्ण पत्ता नको, गाव आणि तालुका पुरे. "गडमुडशिंगी, ता. करवीर. स्वतःची दुचाकी. तिन्ही शिफ्टला तयार." शॉपफ्लोअरच्या नोकरीसाठी एवढ्या माहितीला खरोखर किंमत आहे, कारण रात्रपाळीला माणूस येणार कसा ही सुपरवायझरची रोजची अडचण असते. मात्र रात्रपाळी जमणार नसेल तर तयारी दाखवू नका. पहिल्याच महिन्यात ते उघडं पडतं.

जन्मवेळ, उंची, रक्तगट, वडिलांचा व्यवसाय, भावंडं, लग्न झालंय की नाही हे सगळं काढा. फोटोही जाहिरातीत मागितला असेल तरच लावा. जात आणि धर्म खासगी कंपनीच्या रिझ्युमेत लिहायचं कारणच नाही. शिक्षणसंस्थेच्या किंवा सरकारी जाहिरातीत राखीव जागा असेल तर तिथं प्रवर्ग लिहावाच लागतो, आणि प्रमाणपत्रंही जाहिरातीत मागितलेली तीच आणि तेवढीच जोडायची. आधार नंबर, पॅन नंबर, बँक खातं रिझ्युमेवर कधीही नको. हा कागद दहा फोनवर फिरतो. निवड झाल्यावर आधार मागितलं तर आधी मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आणि नोकरी लावण्यासाठी "रजिस्ट्रेशन फी" मागणाऱ्याला रिझ्युमेच पाठवू नका.

ऑब्जेक्टिव्ह नावाचा जो परिच्छेद झेरॉक्सच्या दुकानातल्या फाइलमधून सगळ्यांकडे जसाच्या तसा येतो, तो पुसून टाका. त्या जागी दोन ओळी लिहा: शिक्षण काय, काम कुठलं येतं, कुठल्या पदासाठी अर्ज आहे. "डिप्लोमा मेकॅनिकल, मशीन शॉपमध्ये १ वर्ष इन्स्पेक्शन. लाइन इन्स्पेक्टर पदासाठी अर्ज." बस्स.

आता अनुभव. सगळ्यात जास्त वेळ इथं द्या, कारण चांगलं काम येणारी मुलंसुद्धा इथंच मागे पडतात. "सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) ऑपरेटर म्हणून काम केले" या ओळीतून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. मशीन कुठलं, कंट्रोल (मशीन चालवणारी कॉम्प्युटर प्रणाली) कुठला, जॉब (मशीनवर घडवायचा भाग) कसला, आणि स्वतःच्या हातानं कुठपर्यंत करता, या चार गोष्टी त्यात आल्या पाहिजेत. तीच ओळ अशी लिहा: "सीएनसी टर्निंग, फानुक कंट्रोल. एसजी आयर्न हाउसिंगचं बोरिंग आणि फेसिंग. ऑफसेट देणे, इन्सर्ट बदलणे, पहिला पीस बोअर गेज आणि मायक्रोमीटरने तपासून क्वालिटीकडून पास करून घेणे. सेटिंग सेटरच्या देखरेखीखाली." हे शेवटचं वाक्य लिहायला मुलं कचरतात. ते जरूर लिहा. सेटिंग (नव्या जॉबसाठी मशीन जुळवणं) येतं असं ठोकून दिलं तर मुलाखतीला बोलावून थेट मशीनवर उभं करतात, आणि जॉ (जॉब पकडणारे जबडे) बोअर करायला सांगितल्यावर दोन मिनिटांत सगळं कळतं. शिकतोय म्हणणाऱ्याला ऑपरेटरची जागा तरी मिळते.

फाउंड्रीच्या (ओतकामाच्या कारखान्याच्या) लॅबचंही तसंच. "सँड टेस्टिंग" (साच्याच्या वाळूची तपासणी) हे दोन शब्द पुरेसे नाहीत. मॉइश्चर, कॉम्पॅक्टॅबिलिटी, परमिएबिलिटी, ग्रीन स्ट्रेंग्थ, अ‍ॅक्टिव्ह क्ले यांतल्या कुठल्या टेस्ट स्वतः केल्या आणि शिफ्टमध्ये किती वेळा केल्या ते लिहा. मग पुढचा प्रश्न येणार: मॉइश्चर जास्त झालं तर कास्टिंगला काय होतं? ज्यानं रोज रजिस्टर भरलंय तो पटकन सांगतो की वाफ आणि गॅस वाढून ब्लोहोल (कास्टिंगमध्ये पोकळ छिद्रं) येतात. मोल्डिंग, कोअर शॉप, फेटलिंग, मेल्टिंग ही खाती वेगवेगळी आहेत, सगळ्यांना मिळून "फाउंड्री अनुभव" म्हणू नका. इंडक्शन फर्नेसवर काम केलं असेल तर फर्नेस किती टनाची, ग्रेड कुठले (एफजी २६०, एसजी ५००/७ असे), स्पेक्ट्रोचा (धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्राचा) रिपोर्ट वाचून करेक्शन तुम्ही सांगत होता की कुणी सांगितलेलं घालत होता, हेही त्यात यायला हवं.

रिजेक्शन कमी केलं, उत्पादन वाढवलं असे आकडे तुमच्याकडे खरे असतील तरच टाका. आकडा टाकला की कशामुळे कमी झालं, आधी किती होतं, कुठल्या जॉबवर, हे विचारलं जाणारच.

कंत्राटदारामार्फत काम केलेल्यांनी हे नीट वाचावं. मोठ्या कंपनीच्या गेटमधून रोज आत जात असलात तरी पगार, पीएफ आणि अनुभवाचा दाखला कंत्राटदाराच्या नावानं असतो. रिझ्युमेत नुसतं कंपनीचं नाव लिहिलं आणि पीएफच्या सर्व्हिस हिस्टरीत दुसरंच नाव निघालं, तर खोटं बोलल्यासारखं दिसतं, केलेलं काम शंभर टक्के खरं असूनही. म्हणून दोन्ही नावं लिहा: अमुक कंत्राटदार, कामाचं ठिकाण तमुक कंपनी, विभाग मशीन शॉप. यात कमीपणा काहीच नाही, वाचणाऱ्याला ही पद्धत पूर्ण माहीत असते. तारखाही महिन्यासकट खऱ्या लिहा. यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) दिला की रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख समोर येते, त्यामुळे सात महिन्यांचं दीड वर्ष करून काही साधत नाही. मध्ये खंड असेल तर एका ओळीत कारण द्या: घरची शेती, आजारपण, परीक्षा. ऊस तोडणीच्या हंगामात घरी थांबावं लागलं हे कोल्हापुरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

अप्रेंटिसशिप अनुभवात लिहा, पण अप्रेंटिस म्हणूनच. अप्रेंटिस कायदा, १९६१ खाली घेतलेल्या अप्रेंटिसचा पीएफ कापला जात नाही, तेव्हा "कर्मचारी" लिहिलं तर नोंद सापडणार नाही आणि उगाच शंका येईल. आयटीआयवाल्यांनी ट्रेड, संस्था, पास झाल्याचं वर्ष आणि एनसीव्हीटी की एससीव्हीटी (प्रमाणपत्र केंद्राच्या परिषदेचं की राज्याच्या) ते लिहावं. अप्रेंटिसशिपनंतरची परीक्षा पास असाल तर राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र वेगळ्या ओळीत.

अजिबात अनुभव नसलेल्यांनी इन-प्लांट ट्रेनिंग आणि प्रोजेक्टवर भर द्यावा. प्रोजेक्ट चौघांचा असतो, वेल्डिंग बाहेरच्या वर्कशॉपमध्ये झालेलं असतं, हे समोरच्याला ठाऊक आहे. तुमचा वाटा कोणता तेवढंच लिहा: ड्रॉइंग काढलं, बेअरिंग निवडलं, की कोटेशन गोळा करून खर्चाचा हिशोब ठेवला.

स्किल्समध्ये सेव्हन क्यूसी टूल्स, एसपीसी, एमएसए, पीपीएपी, आयएटीएफ १६९४९ अशी क्वालिटीच्या पद्धती आणि मानकांची माळ लावू नका. यातलं एसपीसी (आकडेवारीवरून प्रोसेसवर नियंत्रण) ठेवलं तर सीपीके १.३३ म्हणजे काय हे सांगता यायला हवं. दोन दिवसांच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र असेल तर "प्राथमिक ओळख" असं लिहा. कॉमर्सवाल्यांनी नुसतं टॅली न लिहिता खरेदी-विक्रीच्या नोंदी, बँक रिकन्सिलिएशन, जीएसटीआर-१ आणि ३बी, ई-वे बिल यांतलं स्वतः काय केलं ते लिहावं. एमएस-सीआयटी आणि टायपिंगची परीक्षा ऑफिसच्या पदासाठी ठेवा, मशीन शॉपच्या अर्जातून काढा.

शिक्षण उलट्या क्रमानं, शेवटची पदवी आधी. टक्के किंवा सीजीपीए मार्कशीटवर जे असेल ते. एटीकेटी राहिली असेल तर "अंतिम वर्ष पास" लिहू नका.

एक धोका बरेच जण ओळखत नाहीत. व्हीएमसी मशीनवर केलेल्या जॉबचे फोनवर काढलेले फोटो, ग्राहकाचं ड्रॉइंग, पार्ट नंबर, कंट्रोल प्लॅन हे रिझ्युमेला जोडू नका. ती मालमत्ता कंपनीची आणि तिच्या ग्राहकाची. कौतुक होईल अशा अपेक्षेनं पाठवलेला फोटो बघून मॅनेजर एवढंच ठरवतो की हा उद्या आमचं ड्रॉइंगही बाहेर नेईल. "ऑटोमोबाइल ब्रॅकेट", "ट्रॅक्टरचं हाउसिंग" एवढं वर्णन पुरतं. पतसंस्थेत वसुली केलेल्यांनी खातेदारांची नावं आणि रकमा याच कारणानं टाळाव्यात.

छंद काढा. मात्र विद्यापीठ पातळीवर कुस्ती खेळला असाल किंवा शाहू स्टेडियमवर लीगमध्ये नोंदणीकृत संघाकडून फुटबॉल खेळत असाल तर पातळी आणि वर्षासह एक ओळ ठेवा. शेवटचं "वरील माहिती सत्य आहे" हे प्रतिज्ञापत्र खासगी नोकरीला लागत नाही. ते असल्यामुळे कुणी नाकारत नाही, पण त्या जागेत कामाच्या दोन ओळी बसतात. अपेक्षित पगार विचारला तरच लिहा, आणि हातात येणारा की एकूण ते स्पष्ट करा. संदर्भासाठी कुणाचा नंबर त्याला विचारल्याशिवाय देऊ नका.

पाच वर्षांपर्यंत अनुभव असेल तर एक पान, ए-फोर, अक्षर ११ पॉइंट. दोन कॉलमचे रंगीत टेम्पलेट टाळा. पुण्यातल्या मोठ्या कंपन्यांची सॉफ्टवेअर ते उलटसुलट वाचतात आणि इथं काळ्या-पांढऱ्या प्रिंटवर रंगीत पट्ट्यातलं अक्षर बुडून जातं. कारखान्यांसाठी साधं इंग्रजी चालतं. सहकारी संस्था किंवा शाळेला मराठीत अर्ज करायचा असेल तर युनिकोडमध्ये टाइप करा. कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमधली वर्ड फाइल, तो फाँट नसलेल्या कॉम्प्युटरवर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ होऊन उघडते.

फाइल पीडीएफच पाठवा, कागदाचा फोटो नको. फाइलच्या नावात तुमचं नाव आणि पद असू द्या; दुसऱ्याची फाइल घेऊन बदल केले असतील तर आत त्याचं नाव, गाव, तारीख राहिली नाही ना हे पाठवण्यापूर्वी शांतपणे ओळ न ओळ बघा. व्हॉट्सअ‍ॅपवर नुसती फाइल टाकू नका, वर दोन वाक्यं लिहा: नाव, पद, जाहिरात कुठं पाहिली. वॉक-इनला जाताना तीन प्रिंट आणि मूळ प्रमाणपत्रं सोबत ठेवा, आणि कुणाला कुठली प्रत पाठवली ते वहीत लिहून ठेवा. फोन आला की प्रश्न त्याच प्रतीवरून विचारतात.