मऊ कापड दाबाखाली कसे वागते हे पारखण्याची रीत

बोटांनी चेपून पाहताना मऊ लागलेले कापड बैठकीखाली किंवा पाठपिशवीच्या पट्ट्यात तसेच मऊ राहील याची खात्री नसते, कारण बोटांना फक्त पहिल्या काही मिलिमीटरचा अंदाज येतो.

पारखण्यासाठी १० × १० सेंटीमीटरचा नमुना कापून सपाट पृष्ठावर ठेवावा, त्यावर तेवढीच ताठ फळी ठेवावी आणि फळीसकट एकेक किलो वजन वाढवत जावे. या मापाच्या नमुन्यावर १ किलो म्हणजे जवळजवळ १ किलोपास्कल दाब, त्यामुळे हिशेब सोपा जातो. ताठर कापडासाठी ५ सेंटीमीटरचा चौकोन घेतल्यास दाब चौपट होतो, पण कापलेल्या कडेचे तंतू आधाराविना राहतात आणि लहान नमुना आहे त्याहून मऊ भासतो. प्रत्येक वजनानंतर एक मिनिट थांबून चारही कोपऱ्यांवर जाडी मोजावी व सरासरी लिहावी. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांतली मापे सोडून द्यावीत, कारण नवे कापड सुरुवातीला अधिक ताठ असते.

दोन पदर उभ्या तंतूंनी जोडलेल्या स्पेसर कापडात ही मापे मोठी बोलकी ठरतात. आरंभी उभे तंतू भार तोलून धरतात आणि जाडी हळूहळू घटते. मग ते वाकू लागतात व थोड्याशा वाढीव वजनानेही कापड बरेच खाली जाते. शेवटी दोन्ही पदर जवळजवळ टेकतात आणि त्यापुढे ते साध्या जाड कापडासारखे कठीण होते. फोमच्या पेशींच्या भिंतीही साधारण अशाच वागतात. नेहमीचा भार मधल्या टप्प्यात पडेल असे कापड निवडावे. शेवटच्या टप्प्यात गेलेले कापड, माझ्या मते, कितीही महाग असले तरी त्या कामाचे नाही.

वजने उतरवतानाही जाडी लिहावी. त्याच वजनाला ती चढत्या फेरीपेक्षा कमी भरते, आणि हा फरक जितका मोठा तितकी अधिक ऊर्जा कापडात जिरते: धक्का शोषण्यासाठी हे हिताचे, चटकन उसळी हवी असेल तर गैरसोयीचे.

राहता राहिले कापड ‘बसणे’. नमुना २४ तास भाराखाली ठेवून, भार काढल्यावर अर्ध्या तासाने मोजावा. २० मिलिमीटरचे १८ उरले तर घट १० टक्के. उष्णतेत ही घट वाढते, म्हणून उन्हात राहणाऱ्या आसनासाठी चाचणी उबदार जागीच करावी.