किडनीचा आजार असताना हाडं कशी सांभाळायची

हाडं दुखायला लागली की आपण कॅल्शियमची गोळी सुरू करतो. किडनीचा जुनाट आजार असेल तर कृपा करून हे परस्पर करू नका. इथे दुखण्याचं मूळ बहुतेक वेळा वेगळंच असतं.

किडनी थकली की तिची दोन कामं मागे पडतात : जादा फॉस्फरस लघवीवाटे बाहेर टाकणं आणि ‘ड’ जीवनसत्त्वाला शरीराला वापरता येईल असं रूप देणं. ‘ड’ कमी पडलं की आतड्यांत कॅल्शियम नीट शोषलं जात नाही. मग मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथी जाग्या होतात. या साधारण चार असतात, तांदळाच्या दाण्याएवढ्या. त्यांचं हार्मोन, म्हणजे रिपोर्टमधलं पीटीएच, हाडांतून कॅल्शियम ओढून रक्तात आणतं. त्यामुळे रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल दिसतं आणि हाडं आतून झिजत राहतात. सुरुवातीची कित्येक वर्षं काही दुखतही नाही, म्हणून दुखण्याची वाट बघू नका.

पायरी १ : रिपोर्टची एक वही करा

ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते त्याचा रिपोर्टमधला आकडा, ६० च्या खाली गेला (इथून आजाराचा तिसरा टप्पा धरतात) की हाडांशी संबंधित तपासण्या सुरू व्हायला हव्यात. केडिगो या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार कॅल्शियम आणि फॉस्फरस तिसऱ्या टप्प्यात दर ६ ते १२ महिन्यांनी, चौथ्यात ३ ते ६ महिन्यांनी आणि पाचव्यात १ ते ३ महिन्यांनी तपासावं. पीटीएच चौथ्या टप्प्यात ६ ते १२ महिन्यांनी आणि पाचव्यात ३ ते ६ महिन्यांनी.

वहीत तारखेपुढे पाच रकाने आखा : कॅल्शियम, फॉस्फरस, पीटीएच, अल्कलाइन फॉस्फेटेज, बायकार्बोनेट. शेवटचा विसरू नका : बायकार्बोनेट कमी म्हणजे रक्तातलं आम्ल वाढलेलं, आणि तेही हाडं विरघळवतं. एकाच आकड्यावर घाबरून जाऊ नका, आकडा कुठल्या दिशेने चाललाय ते बघा. डायलिसिसवरच्या माणसाचं पीटीएच नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या २ ते ९ पट असलं तरी चालतं. ते फार खाली गेलं तर हाडांची रोजची डागडुजीच थांबते.

पायरी २ : फॉस्फरस कुठून येतो ते ओळखा

मोठ्या माणसाच्या रक्तात फॉस्फरस दर डेसिलिटरला साधारण २.५ ते ४.५ मिलिग्रॅम असतो. तो वाढलेला दिसला की घरातले डाळी, कडधान्यं, दूध सगळंच बंद करतात. माझ्या मते ही सर्वांत वाईट चूक आहे. प्रथिनं कमी पडतात, स्नायू गळतात आणि माणूस पडतो. धान्या-कडधान्यातला फॉस्फरस बराचसा फायटेटच्या रूपात असतो आणि तो आपल्याला पूर्ण पचवता येत नाही. याउलट डबाबंद आणि प्रक्रिया केलेल्या पदार्थांत मिसळलेला फॉस्फेट जवळजवळ सगळाच शोषला जातो.

म्हणून आधी पाकीट उलटं करा. घटकांच्या यादीत ‘फॉस’ ही अक्षरं शोधा : फॉस्फेट, फॉस्फोरिक आम्ल, पॉलीफॉस्फेट. कधी नावाऐवजी नुसते क्रमांक असतात : ३३८ ते ३४१ किंवा ४५० ते ४५२. गडद रंगाची कोला पेयं, प्रोसेस्ड चीज आणि प्रक्रिया केलेलं मांस यांच्यापासून सुरुवात करा. भाज्या, मांस भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून दिलं तर त्यातला फॉस्फरस आणखी कमी होतो. दूध, डाळी किती घ्यायच्या हे मात्र तुमचा रिपोर्ट बघून आहारतज्ज्ञांनी ठरवावं.

पायरी ३ : बाइंडर जेवणासोबतच घ्या

माझ्या वडिलांचं डायलिसिस चालू असताना त्यांचा फॉस्फरस ७ च्या खाली यायचाच नाही. पथ्य कडक होतं, गोळ्या वेळेवर संपत होत्या. एका रात्री मी त्यांच्याजवळ बसले होते. जेवण होऊन दोन तास झाले होते आणि ते झोपण्याआधी सगळ्या गोळ्या तळहातावर घेऊन एकदम गिळत होते. त्यात बाइंडरच्या, म्हणजे फॉस्फरस कमी करणाऱ्या, दोन गोळ्या होत्या. महिनोन्‌महिने असंच चाललं होतं आणि आम्हाला कुणालाच कळलं नव्हतं.

बाइंडर रक्तात जाऊन काम करत नाही. पोटात आलेल्या अन्नातला फॉस्फरस पकडायचा आणि शौचावाटे बाहेर न्यायचा, एवढंच त्याचं काम. अन्नच पुढे निघून गेलं तर तो पकडणार काय? दुसऱ्या दिवसापासून ती डबी औषधांच्या कपाटातून काढून ताटाशेजारी ठेवली, आणि पुढच्या रिपोर्टमध्ये आकडा उतरला.

सेव्हेलामरची गोळी अख्खी गिळायची, लॅंथॅनमची नीट चावून खायची. जेवण चुकलं तर त्या वेळची बाइंडरची गोळीही नको. थायरॉइडची गोळी आणि काही अँटिबायोटिक्स बाइंडरमध्ये अडकतात, त्यांच्यात किती अंतर ठेवायचं ते डॉक्टरांना विचारून घ्या.

डायलिसिस पूर्ण वेळ करा. फॉस्फरस रक्तापेक्षा हाडांत आणि पेशींत जास्त असतो आणि तिथून सावकाश बाहेर येतो. अर्धा तास आधी उठलात तर तेवढा आतच राहतो.

पायरी ४ : औषधं आपल्या मनाने नकोत

जादा कॅल्शियम आणि फॉस्फरस मिळून रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साचतात आणि त्याचा भार हृदयावर येतो. म्हणून कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्व रिपोर्ट बघूनच घ्यायचं. अ‍ॅल्युमिनियम असलेली अ‍ॅसिडिटीची औषधं टाळा, तो धातू हाडांत जाऊन बसतो.

हाडं ठिसूळ झाल्यावर देतात ती इंजेक्शनं आणि गोळ्याही किडनीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. डेनोसुमॅब या अशाच एका इंजेक्शनमुळे डायलिसिसवरच्या रुग्णांचं कॅल्शियम धोकादायकरीत्या घसरू शकतं, असा सक्त इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जानेवारी २०२४ मध्ये त्या औषधावर छापायला लावला.

पायरी ५ : पडू नका, चालत राहा

रोज चाला, झेपेल तेवढंच. रात्री बाथरूमच्या वाटेवर दिवा ठेवा. मोडलेलं हाड या आजारात जुळायला फार त्रास देतं.

खुर्चीतून उठताना हातांचा टेकू लागायला लागला, पुरळ नसताना अंग खाजतंय, कंबर किंवा पाय खोलवर दुखताहेत, तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका. आणि नवं औषध सुरू केल्यावर ओठांभोवती मुंग्या आल्या किंवा हातापायांत गोळे आले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, कॅल्शियम घसरल्याची ती खूण असू शकते.