मुलाच्या हृदयाच्या ऑपरेशनसाठी मदतफेरी काढताय? या चुका टाळा

कॉलेजात एनएसएसचं (राष्ट्रीय सेवा योजनेचं) काम माझ्याकडे होतं तेव्हाची गोष्ट. एस.वाय.च्या एका मुलीच्या भाच्याच्या हृदयाला छिद्र असल्याचं कळलं. पोरगं दीड वर्षाचं. दुसऱ्या दिवशी सकाळी आमची मुलं पत्र्याचे डबे घेऊन एसटी स्टँडवर, दुपारी आठवडी बाजारात चादर धरून. तीन दिवसांत एक लाख बारा हजार जमले. चौथ्या दिवशी मुलाच्या वडिलांचा फोन आला, "सर, ऑपरेशन सरकारी योजनेतनं होतंय. पैसे भरायचे न्हाईत म्हणत्यात."

बातमी आनंदाचीच. पण मग जमलेल्या पैशांचं काय, यावर आमची कितीतरी दिवस चर्चा चालली. कुणी म्हणे परत करा, कुणी म्हणे दुसरं मूल शोधा. नंतर कळलं की त्याच दिवसांत पोराची आई वॉर्डाबाहेर जिन्याखाली झोपत होती आणि वडिलांनी गाडीभाड्यासाठी महिना पाच टक्क्यांनी पैसे उचलले होते. लाखभर रुपये आमच्या हातात होते, आणि ‘तुम्हाला नक्की कशाला पैसे लागताहेत?’ हा प्रश्न आम्ही कुणी त्यांना विचारलाच नव्हता. पुढे जे काही शिकलो ते या एका चुकीतून.

आधी डबा, मग चौकशी

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून जरा सविस्तर. महाराष्ट्रात मुलांच्या हृदयदोषासाठी मदतफेरी ही शेवटची पायरी असायला हवी, कारण त्याआधीच्या बऱ्याच पायऱ्या फुकट आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांत दोष सापडला, तर पुढची तपासणी आणि उपचार सरकारी खर्चाने होण्याची सोय त्यात आहे. वाट साधी आहे: अंगणवाडीताई किंवा आशाताईला गाठायचं, तिथून ग्रामीण रुग्णालय आणि मग जिल्हा रुग्णालय. गावातल्या पोरांना हे माहीत नसतं, आणि खरं सांगायचं तर तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

दुसरी पायरी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झालेली हीच ती. आता तिचं संरक्षण कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे आणि पिवळ्या-केशरीबरोबर पांढऱ्या रेशनकार्डालाही ती लागू झाली आहे. मात्र उपचार योजनेतल्या रुग्णालयातच व्हायला हवेत. तिथे आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनीसाचं टेबल असतं. आधी त्या टेबलावर जायचं, मग बाकीचं. आमच्यासारखे उत्साही लोक नेमकी इथेच माती खातात: पोराला जवळच्या, योजनेत नसलेल्या दवाखान्यात नेतात, जमलेल्या पैशातून पन्नास हजार डिपॉझिट भरतात आणि मग योजनेची चौकशी करतात. भरलेले पैसे परत मिळवताना चपला झिजतात. १५५३८८ या हेल्पलाइनला आधी एक फोन केला तर हा फेरा वाचतो.

योजनेत बसलं नाही, तरी धर्मादाय रुग्णालयं आहेत. मोठमोठी, काचेच्या इमारतींची कितीतरी रुग्णालयं कागदोपत्री धर्मादाय ट्रस्टची आहेत. त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. निर्धनांसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १,८०,००० रुपये, दुर्बल घटकांसाठी ३,६०,०००. रेशनकार्ड आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या मेडिकल सोशल वर्करला भेटायचं. रिसेप्शनवर विचारलं तर बऱ्याचदा ‘खाट शिल्लक नाही’ एवढंच ऐकू येतं. नवी मुंबईत खारघरच्या श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात तर मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं पूर्ण मोफत होतात, बिलाची खिडकीच नाही. तिथे यादीत थांबावं लागू शकतं, हे मात्र घरच्यांना आधीच सांगावं. याशिवाय मुख्यमंत्री सहायता निधी आहे. त्याचे पैसे थेट रुग्णालयाकडे जातात.

हे सगळं करायला दोन हुशार विद्यार्थी आणि दोन दिवस पुरतात. झेरॉक्स, फॉर्म, फोन, रांगा. डबा हलवण्यापेक्षा हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याचा फोटो चांगला येत नाही.

‘छिद्र आहे’ एवढ्यावरच धावणं

जन्मजात हृदयदोष साधारण हजारात आठ-नऊ बाळांना असतो, पण दोषादोषांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याचं लहान छिद्र कित्येक मुलांत आपोआप बुजतं. डॉक्टर फक्त ठरावीक काळाने इको (हृदयाची सोनोग्राफी) करायला सांगतात. काही छिद्रं छाती न उघडता, मांडीच्या शिरेतून नळी घालून छत्रीसारख्या उपकरणाने बंद करता येतात. उलट, हृदयातून निघणाऱ्या दोन मुख्य रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेली असेल तर ऑपरेशन जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांतच व्हावं लागतं. आणि एकच कप्पा नीट चालणारी मुलं असतात, त्यांची ऑपरेशनं वर्षानुवर्षं टप्प्याटप्प्याने होतात.

म्हणून डॉक्टरांना, किंवा घरच्यांमार्फत, तीन गोष्टी विचारायच्या: दोषाचं नाव काय, किती दिवसांची मुदत आहे, आणि काम एका ऑपरेशनमध्ये होणार की पुढेही लागणार. उत्तर कागदावर घ्या. रुग्णालयाचं लेटरहेडवरचं एस्टिमेट नसेल तर फेरी काढू नका.

यात चूक दोन्ही बाजूंनी होते. आवाहनात ‘४८ तासांत ऑपरेशन न झाल्यास’ असं ठोकून द्यायचं, आणि डॉक्टरांनी प्रत्यक्षात तीन महिन्यांनी बोलावलेलं. महिन्याभराने तेच पोरगं जत्रेत पाळण्यात दिसलं की लोक तुम्हाला खोटं समजतात. दुसरी चूक जास्त घातक: पैसे पूर्ण जमेपर्यंत थांबणं. मोठं छिद्र तसंच राहिलं तर फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांवरचा दाब वाढत जातो, आणि एका टप्प्यानंतर छिद्र बंद करणंच शक्य राहत नाही. तारीख आली असेल तर बाळ आधी दाखल करा, पैशांचं मागून बघता येतं. त्यासाठीच तर सोशल वर्कर असतो.

जाता जाता एक. आवाहनाच्या सभेत कुणीतरी आजी आईला हमखास विचारते, ‘ग्रहणात काही चिरलं-कापलं होतंस का गं?’ माईक तुमच्या हातात असेल तर तिथल्या तिथे सांगा की ग्रहणाचा याच्याशी काही संबंध नाही. ती आई आधीच स्वतःला दोष देत बसलेली असते.

पैसे कुणाच्या तरी खात्यावर

आमचा क्यूआर कोड एका विद्यार्थ्याच्या खात्याचा होता, कारण त्याच्या फोनची बॅटरी चांगली होती! मग त्याच्या वडिलांनी खातं तपासलं, बँकेने विचारपूस केली, आणि त्याचे स्कॉलरशिपचे पैसे कोणते नि मदतीचे कोणते हे वेगळं काढता काढता आम्हा सगळ्यांना घाम फुटला. शिवाय नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात पन्नास हजारांच्या वर मिळालेली रक्कम करपात्र धरली जाऊ शकते. विद्यार्थ्याच्या खात्यात तर हे मुळीच नको.

शक्य असेल तर पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात, रुग्णाचा नोंदणी क्रमांक लिहून. नाहीतर एखाद्या नोंदणीकृत ट्रस्टमार्फत. करसवलतीची 80 जी पावती तोच देऊ शकतो, आणि दोन हजारांच्या वरच्या रोख देणगीवर ती सवलतही मिळत नाही. ‘टॅक्समध्ये सूट मिळेल हो’ असं वाण्याला सांगून पाचशे रुपये घेणारी मुलं मी पाहिली आहेत. हेतू चांगला, पण विधान खोटं. मिलाप, केट्टोसारख्या मदत गोळा करणाऱ्या ऑनलाइन मंचावर जायचं तर त्यांचं शुल्क आणि वर आपोआप जोडली जाणारी ‘टिप’ आधी नीट वाचा.

जाहीरपणे वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय आयुक्तांकडून सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ क खाली परवानगी घ्यायची असते. गणेश मंडळांचे कार्यकर्ते हे कोळून प्यालेले असतात. आमचं हे काम मंडळाच्या खजिनदाराने एका संध्याकाळी समजावून दिलं, चहा आमच्याकडून. परदेशातले मराठी लोक मदत करायला तयार असतात, तिथे एक मेख आहे: भारतीय पासपोर्ट असलेल्याने आपल्या बचतीतून दिलेले पैसे परदेशी देणगी ठरत नाहीत, पण ज्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं त्याचे ठरतात. ते एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी असलेल्या संस्थेमार्फतच यायला हवेत.

डबे सीलबंद ठेवा. त्याच संध्याकाळी तिघांसमोर फोडा, मोजा, तिघांच्या सह्या घ्या. नाण्यांचा कंटाळा करू नका.

फ्लेक्सवरचं पोर

आमच्या फ्लेक्सवर त्या मुलाचा ऑक्सिजनची नळी लावलेला फोटो होता, दहा बाय सहा. वर आमच्या पाच पाहुण्यांचे फोटो, हात जोडलेले. फेरी संपल्यावर फ्लेक्स कुणी नेला कुणास ठाऊक. चार-पाच वर्षांनी त्या गावाकडे गेलो तर रस्त्याकडेच्या कडब्याच्या गंजीवर तो अंथरलेला, उन्हाने फिकट झालेला, नळी मात्र अजून दिसत होती. मुलगा तेव्हा पहिलीत होता. शाळेत पोरं त्याला ‘फ्लेक्सवाला’ म्हणायची.

घरच्यांनी फोटोला हो म्हटलं होतं. पण त्या घडीला ते कशालाही हो म्हणाले असते. मुलगी असेल तर प्रश्न आणखी अवघड: उद्या लग्न जुळवताना कुणीतरी तो जुना फोटो काढणार, ही भीती आईबापांच्या मनात असते, बोलून दाखवत नाहीत एवढंच. फोटोशिवायही पैसे जमतात. रुग्णालयाचं एस्टिमेट आणि कॉलेजचा शिक्का असलेलं पत्र दाखवलं तर लोक उलट जास्त विश्वासाने देतात. वडिलांचा मोबाइल नंबर तर कधीच टाकू नका. ‘मदत पाठवतो, ओटीपी सांगा’ म्हणणारे टपलेलेच असतात.

आणि मेसेजवर तारीख टाका, शेवटचा दिवसही. तारखेशिवायचा मेसेज वर्षानुवर्षं फिरतो.

फक्त ऑपरेशनसाठीच पैसे

योजना ऑपरेशनचं बघते. आईबापांची बुडालेली मजुरी, रुग्णालयाच्या दर खेपेचं गाडीभाडं, मुंबईतलं राहणं, घरी राहिलेल्या मोठ्या मुलीची शाळा, पुढची औषधं आणि इको यांचा बराचसा भार कुटुंबावरच पडतो. कॉलेजची पंचवीस-तीस हजारांची फेरी इथे खरी उपयोगी पडते. राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती ही ठिकाणं माहीत करून ठेवा. जागा लगेच मिळेलच असं नाही, म्हणून आधी फोन. पैशांखेरीज रक्तही देता येतं: अठरा वर्षं पूर्ण आणि वजन ४५ किलोच्या वर असलेली मुलं रक्तदान करू शकतात. १४ फेब्रुवारीला जन्मजात हृदयदोष जागृती दिन असतो. आम्ही गुलाबाचे स्टॉल बंद करून त्या दिवशी रक्तदान शिबिर घेतो. गुलाब तरीही येतातच.

काम अडलं तर

पैसे कमी पडले: दुसरी फेरी काढण्याआधी सोशल वर्करकडे परत जा, बिलातलं काय कमी होतं ते बघा.

पैसे उरले: कुठे जाणार ते पहिल्याच पत्रकात लिहिलेलं असू द्या. ‘उरलेली रक्कम त्याच रुग्णालयातल्या गरीब रुग्णांच्या निधीला’ एवढं एक वाक्य पुरतं. आमच्या एक लाख बारा हजारांतले चाळीस हजार व्याजाच्या कर्जाला आणि पुढच्या तपासण्यांच्या भाड्याला गेले, बाकीचे निधीला. ते ठरवायला मात्र अडीच महिने गेले.

मूल वाचलं नाही: हा विषय कुणी काढत नाही, आणि मग तेराव्याच्या आत कुणीतरी हिशोब मागायला दारात उभा राहतो. एकदा आमच्यावर ही वेळ आली. आम्ही ठरवलं की त्या घरी पैशाचं बोलायला कुणीही जायचं नाही. कॉलेजच्या नोटीस बोर्डावर एक पानी हिशोब लावला, जमा-खर्च-शिल्लक, खाली प्राचार्यांची सही. रुग्णवाहिकेचे साडेसहा हजार त्यात खर्चाच्या शेवटच्या ओळीत होते.