अंगुल, हस्त, योजन: मीटरमध्ये आणायचं कसं?

जुन्या ग्रंथांतल्या लांबीचा सगळा हिशोब अंगुलावर, म्हणजे बोटाच्या रुंदीवर, उभा असतो. त्यामुळे आधी कोष्टक कोणत्या ग्रंथातलं ते ठरवा, मग अंगुल किती मिलिमीटरचं धरायचं ते.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तलं (इ.स. ११५०) कोष्टक सरळ आहे: २४ अंगुल = १ हस्त (कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतचा हात), ४ हस्त = १ दंड, २००० दंड = १ क्रोश, ४ क्रोश = १ योजन. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मात्र कामागणिक हस्त बदलतो. नेहमीचा २४ अंगुलांचा, कुरणासाठी २८, छावणी आणि किल्ल्यासाठी ४२, जंगलातल्या मालासाठी ५४. संदर्भ न बघता सरसकट २४ धरलं, तर किल्ल्याची लांबी जवळजवळ निम्म्यावर येते.

अंगुलाचा रूढ आकडा पाऊण इंच, म्हणजे १९.०५ मिमी. धोलावीरा या सिंधू संस्कृतीतल्या नगराच्या मोजमापांवरून १७.६३ मिमी सुचवलं गेलं आहे. दोन्ही आकड्यांनी हिशोब करा आणि उत्तर पल्ल्यात द्या:

हस्त: ४२.३ ते ४५.७ सेंमी
दंड: १.६९ ते १.८३ मी
क्रोश: ३.४ ते ३.७ किमी
योजन: १३.५ ते १४.६ किमी

१६ हस्तांचा मंडप म्हणजे ६.८ ते ७.३ मीटर. ‘७.३१५२ मीटर’ लिहिणं ही नुसती कॅल्क्युलेटरची ऐट. वास्तू अजून उभी असेल, तर टेप लावून लांबी घ्या आणि ग्रंथातल्या हस्तांनी भागा. त्या जागेचा हस्त थेट हाती येतो.

पृथ्वीच्या परिघावरून योजन काढायचा मोह टाळा. भास्कराचार्यांचा परिघ ४९६७ योजनं. ४०,०७५ किमीला त्याने भागलं की योजन ८.०७ किमीचं येतं आणि त्याच कोष्टकाने हस्त उरतो जेमतेम २५ सेंमी! इतका आखूड हात कुणाचा असतो?

क्षेत्रफळाला गुणक वर्ग करून लावा. ‘लीलावती’तलं निवर्तन २०० हस्त बाजूचा चौरस: मोठ्या अंगुलाने ०.८४ हेक्टर, लहानाने ०.७२. लांबीतला साडेसात टक्क्यांचा फरक इथे चौदावर जातो. नाशिकच्या लेण्यांतल्या सातवाहन दानलेखातली २०० निवर्तनं याच मापाने मोजू नका. मध्ये हजार वर्षं गेली आहेत.

उलट जाताना दशांश चिन्हापुढचा भाग २४ ने गुणा. १२ मीटर ÷ ०.४५७२ = २६.२५, म्हणजे २६ हस्त ६ अंगुल, २५ अंगुल नव्हे.