घाण पाण्यातून आणलेला फायटर मासा सावरताना या चुका टाळा

कुणी घर बदलताना देऊन टाकलेला, कुणाच्या मुलांची हौस फिटल्यावर कोपऱ्यात पडलेला, नाहीतर दुकानातल्या टीचभर डबीतला फायटर तुम्ही घरी आणता. पंख अंगाला चिकटलेले, कडा झिजलेल्या, रंग उडालेला. त्याच्यासाठी सगळं आजच्या आज करावंसं वाटतं आणि बहुतेक वेळा घात तिथेच होतो. या माशाला औषधाआधी स्थिर पाणी हवं असतं.

पाणी एकदम बदलणं

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. बाऊलचं पाणी महिनोन्महिने तसंच राहिलं की त्याचा पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे ते सांगणारा आकडा, उतरत जातो. आम्लधर्मी पाण्यात माशाच्या विष्ठेतून साठलेला अमोनिया बहुतांशी अमोनियमच्या रूपात असतो आणि ते रूप बरंच कमी घातक असतं. त्यात नळाचं किंवा बोअरचं जास्त पीएचचं पाणी ओतलं की त्याच अमोनियमचा पुन्हा विषारी अमोनिया होतो. पाणी दिसायला नितळ, पण मासा धापा टाकतो. सगळं पाणी फेकून नवं भरलं, तर पीएच आणि क्षारांच्या फरकाचा धक्का बसतो.

म्हणून जुन्या बाऊलमधल्या माशाचं पाणी चार-पाच दिवस रोज पाव भाग बदला. नवं पाणी जुन्याइतकंच कोमट असू द्या आणि त्यात अमोनिया निष्प्रभ करणारं वॉटर कंडिशनर आधी घाला. साधं अँटिक्लोरिन फक्त क्लोरिन घालवतं, हे बाटली घेताना बघा. आरओचं निव्वळ पाणी नको, त्यात क्षार उरत नाहीत. अमोनिया आणि त्यापासून बनणारं, तेवढंच घातक नायट्राइट शून्य आहेत का, हे टेस्ट किटनेच कळतं, डोळ्यांना नाही.

पिशवीतून आणलेल्या माशाचं मात्र उलट आहे. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पीएच चढू लागतो. तापमान जुळवायला बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवा, मग मासा जाळीने उचलून टाकीत सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका.

‘फायटरला थोडंसं पाणी पुरतं’

हा मासा थायलंडच्या भातखाचरांतला, दलदलीतला. तिथलं पाणी उथळ असतं, पण दूरवर पसरलेलं. वर येऊन हवा घेता येते म्हणून तो कमी ऑक्सिजनमध्ये तग धरतो. अमोनियाने कल्ले जळायचे ते जळतातच. निदान १५-२० लिटरची झाकण असलेली टाकी आणि मंद चालणारा स्पंज फिल्टर द्या. नव्या फिल्टरमध्ये अमोनिया संपवणारे उपयोगी जिवाणू रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. ओळखीच्या कुणाच्या निरोगी टाकीतला वापरलेला स्पंज मिळाला तर सोन्याहून पिवळं. तो नळाखाली कधीही धुऊ नका, टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळा.

तापमान २५ ते २७ अंशांवर राहू द्या. पुण्या-नाशिकच्या थंडीत हीटर लागतोच. टाकी उन्हात ठेवणं हा त्याला पर्याय नाही.

औषधांचा मारा

मिथिलीन ब्लू, मीठ, अँटिबायोटिक एकाच दिवशी घालू नका. मिथिलीन ब्लू फिल्टरमधले जिवाणूही मारतं. मीठ वापरायचंच तर अ‍ॅक्वेरियमचं, ४ लिटरला चहाचा सपाट एक चमचा, आधी विरघळवून, जास्तीत जास्त दहा दिवस. मीठ उडून जात नाही. जेवढं पाणी बदललं तेवढ्यापुरतंच पुन्हा घाला. रस्त्याकडेच्या देशी बदामाची गळून सुकलेली तपकिरी पानं पाण्यात सोडायला मला आवडतात, पण फवारणी नसलेल्या झाडाचीच घ्या आणि नीट धुऊन मगच टाकीत सोडा.

पहिल्या दिवशी खायला देऊ नका. नंतर सकाळ-संध्याकाळ दोन-तीन दाणे पुरेत. पाव, भात मुळीच नको.

बरं होणं न ओळखणं

पंखांच्या कडेला काचेसारखी पातळ, पारदर्शक पट्टी दिसली की लोक बुरशी समजून औषध टाकतात. तो नवा पंख आहे. रंग त्यात मागाहून भरतो, टोकं किंचित वाकडीही येतात. बुरशी कापसासारखी पुंजक्यात दिसते. कड काळी-लाल होत आत सरकू लागली, तर मात्र पंख सडताहेत. स्वच्छ पाण्यातही ते थांबलं नाही तर त्याच आजाराचं एकच औषध वेगळ्या भांड्यात द्या. पोट फुगून खवले उभे राहिले असतील, तर वाचण्याची आशा फार कमी असते. तेव्हा पाणी उथळ ठेवा, हात लावू नका आणि त्याला शांत राहू द्या.