पेन्सिलने घरातला निवांत कोपरा कसा काढावा

खिडकीजवळ खुर्ची, तिच्या पाठीवर टाकलेलं कापड, शेजारच्या स्टुलावर कप. एवढ्या सामानात चित्र होतं. त्यातला निवांतपणा मात्र उजेडातून येतो. वस्तू हुबेहूब काढूनही उजेड चुकला, तर चित्र सामानाच्या यादीसारखं दिसतं.

२एच, एचबी, २बी आणि ४बी पेन्सिली (एच म्हणजे कडक आणि फिकट, बी म्हणजे मऊ आणि गडद, एचबी मधली), किंचित खरखरीत जाड कागद आणि कणकेसारखं मळता येणारं रबर घ्या. चार पेन्सिली भरपूर झाल्या, मोठा संच नंतर पाहू.

आधी खोलीतले दिवे बंद करा. खिडकी एकच असू द्या, नाहीतर प्रत्येक वस्तूला दोन-दोन सावल्या पडतात. थेट ऊनही टाळा, कारण तासाभरात सावली सरकते. काम दुसऱ्या दिवसावर गेलं तर त्याच वेळी, त्याच जागी बसा.

आता २एचने हलक्या हाताने मोठे आकार मांडा. कोपर ताठ ठेवून, एक डोळा मिटून, समोर धरलेल्या पेन्सिलीवर वस्तूंची मापं घ्या. खुर्चीच्या पायांपेक्षा पायांमधली रिकामी जागा बघून काढा. चूक तिथे पटकन पकडता येते.

मग डोळे किलकिले करा. बारकावे पुसट होतील आणि छटा उरतील. सगळ्या सावल्या एचबीने एकाच सपाट करड्या छटेत भरा. पांढऱ्या कपाची सावलीतली बाजू उजेडातल्या करड्या भिंतीपेक्षा गडद असू शकते. कप पांढरा आहे हे माहीत असल्याने हात आखडतो, पण डोळ्यांना दिसतं तेच भरा.

खरी गंमत सावलीच्या कडांत आहे. खुर्चीचा पाय जमिनीला टेकतो तिथे सावली सर्वांत गडद आणि कड धारदार असते. पायापासून दूर जाताना ती विरघळत जाते, कारण खिडकीचा उजेड एका बिंदूतून येत नाही, रुंद पट्ट्यातून येतो. सगळ्या कडा सारख्याच तीक्ष्ण ठेवल्या तर खुर्ची कागदातून कापून चिकटवल्यासारखी दिसते. बोटाने मात्र घासू नका, त्वचेच्या तेलाचे डाग पडतात. हाताखाली कोरा कागद ठेवा.

कापडाच्या चुण्या जिथे ते खुर्चीला अडकलंय तिथेच नीट काढा, बाकी सुचवलं तरी चालतं.

माणूस हवाच असेल तर पाठमोरा बसवा. चेहरा दिसला की नजर तिथेच खिळते. डॅनिश चित्रकार विल्हेल्म हॅमरशोई यांनी पत्नी इडा यांना घरातल्या खोल्यांमध्ये कितीतरी वेळा पाठमोरंच रंगवलंय.

४बी अगदी शेवटी, मोजक्याच जागी. जोरात दाबलं की ग्रॅफाइट चकाकतं आणि गडद जागा तिरप्या उजेडात उलट उजळ दिसते. त्यापेक्षा हलके थर चढवा. खिडकीकडची कपाची कड रबराने टिपून भिंतीत मिसळू द्या. चित्र आरशात पाहा, तिरपेपणा लगेच कळतो. तो सुधारल्यावरच फिक्सेटिव्हचे, म्हणजे ग्रॅफाइट कागदावर पक्कं बसवणाऱ्या द्रवाचे, दोन पातळ फवारे मारा, कारण त्यानंतर खोडणं अवघड जातं.